डबलसीटची गोष्ट कोण सांगतं?

रॉबर्ट पिर्सिग यांचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स' 1974 साली आलं. 1968च्या उन्हाळ्यात मिनेसोटाहून कॅलिफोर्नियापर्यंत केलेला मोटारसायकलचा प्रवास त्यात आहे. पिर्सिग यांच्या मागे त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा ख्रिस बसलेला. सोबत दुसऱ्या गाडीवर जॉन आणि सिल्व्हिया सदरलँड हे जोडपं. इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलवर हे पुस्तक या खोलीतून त्या खोलीत फिरत असतं आणि बहुतेकांचं मध्येच कुठेतरी सुटतं. ज्यांचं सुटत नाही ते त्यातल्या 'क्वालिटी'च्या तत्त्वज्ञानावर बोलतात. माझ्या लक्षात मात्र दोन लहान जागा राहिल्या आहेत, आणि दोन्ही मागच्या सीटवरच्या आहेत.

पहिली अगदी सुरुवातीला येते. सकाळी गावाबाहेर पडताना समोरून कामावर निघालेल्या गाड्यांची रांग येत असते. पुढे थांबल्यावर सिल्व्हिया सांगते, की त्या गाड्यांमधल्या माणसांचे चेहरे फार उदास होते, एकामागून एक सगळे सारखेच. निवेदकाला त्यात विशेष काही वाटत नाही. माणसं कामाला चालली होती, एवढंच. दुसरी जागा अगदी शेवटी. ख्रिस फूटरेस्टवर उभा राहतो आणि वडिलांच्या खांद्यावरून पुढे बघतो. त्याला पहिल्यांदाच रस्ता दिसतो. एवढ्या मोठ्या प्रवासात आपण फक्त वडिलांची पाठ बघत आलो, हे तो तेव्हा बोलून दाखवतो.

इतक्या जाड, विचारांनी भरलेल्या पुस्तकात निवेदकाला मागच्या सीटचा पत्ता लागायला शेवटची पानं उजाडतात. पिर्सिग यांचा मोठेपणा हा, की त्यांनी ते लपवलं नाही. निवेदक देश, मशीन, मन यांच्याबद्दल बोलत राहिला आणि त्याच्या पाठीला टेकून बसलेल्या पोराला काय दिसतंय हे त्याने विचारलंच नाही, असं त्यांचं पुस्तकच आपल्याला दाखवून देतं.

ही दोन ठिकाणं हाताशी धरून मला सध्याच्या एका लोकप्रिय प्रकाराबद्दल बोलायचं आहे: जोडप्याचा मोटारसायकलवरचा परदेशप्रवास. नेपाळ, भूतान, व्हिएतनाम, थायलंड, आणि पैसे-सुट्टी जमली तर युरोपपर्यंत. पूर्वी हे पुस्तकात वाचायला मिळायचं, आता ते वीस-वीस मिनिटांच्या भागांत आपल्या फोनवर येतं. आपण जेवताना बघतो, एसटीत बघतो, झोपताना बघतो. इतकं बघतो, तर त्याकडे साहित्याकडे बघतात तसं नीट बघायला काय हरकत आहे? कोण सांगतंय, कुठून सांगतंय, आणि काय सांगायचं राहून जातंय?

कॅमेरा कुठे बसवलाय?

गोष्टीत निवेदक कुठे उभा आहे हे शोधावं लागतं. व्हिडिओत ते कॅमेऱ्याच्या जागेवरून लगेच कळतं. या प्रकारात कॅमेरा बहुधा पुढच्या माणसाच्या हेल्मेटला, हनुवटीपाशी असतो. त्यातून हँडल दिसतं, मीटर दिसतो, रस्ता दिसतो. मागे बसलेली व्यक्ती त्या चौकटीत नसतेच. कधी खांद्यावर आलेला हात, कधी इंटरकॉमवरून आलेला आवाज, एवढंच तिचं अस्तित्व. मग मध्येच ड्रोनचं दृश्य येतं आणि दोघंही डोंगराच्या कडेला मुंगीएवढे होतात. ते सुंदर असतं, पण तिथून माणसाचा चेहरा वाचता येत नाही.

आणखी एक कॅमेरा असतो, हातात धरलेला. चहाची टपरी, सीमेवरची रांग, रस्त्यात भेटलेली आजी, हे सगळं त्यातून येतं. गाडी चालू असताना तो कॅमेरा कोणाच्या हातात असणार? मागच्याच. म्हणजे प्रवासातली माणसं मागच्या सीटवरून टिपली जातात आणि त्यावर आवाज चढतो पुढच्या सीटचा. सिल्व्हियाने बघायचं आणि निवेदकाने सांगायचं, ही जुनीच वाटणी.

आमच्या धंद्यात 'पेअर प्रोग्रामिंग' नावाची एक पद्धत आहे. दोघांनी एका कॉम्प्युटरसमोर बसून कोड लिहायचा. ज्याच्या हातात कीबोर्ड, त्याला 'ड्रायव्हर' म्हणतात, शेजारच्याला 'नॅव्हिगेटर'. ड्रायव्हरचं लक्ष आत्ताच्या ओळीवर असतं. पुढच्या फाइलमध्ये काय फुटणार आहे ते नॅव्हिगेटरला आधी दिसतं, कारण त्याचे डोळे मोकळे असतात. या पद्धतीचा नियम असा, की थोड्या थोड्या वेळाने जागा बदलायची. बदलली नाही, तर एक जण नुसता टायपिस्ट होतो आणि दुसरा नुसता प्रेक्षक. मोटारसायकलवरही डोळ्यांची वाटणी अशीच असते. चालवणाऱ्याला खड्डा बघावा लागतो, वळण बघावं लागतं, मागून येणारा ट्रक बघावा लागतो. गाव बघायला तो मोकळा नसतो. मागच्याला गाव दिसतं. म्हणून प्रवासवर्णनाचा अर्धा ऐवज मागच्या सीटवर जमा होतो, आणि बहुतेक वेळा तिथेच राहतो.

एक प्रवास, दोन वह्या

दोघांनी मिळून केलेल्या प्रवासाची दोन वर्णनं हाती लागली, तर काय होतं? याचं गाजलेलं उदाहरण जोडप्याचं नाही, दोन मित्रांचं आहे. 1952च्या जानेवारीत एर्नेस्टो गव्हेरा हा वैद्यकीय विद्यार्थी, जो पुढे 'चे' झाला, आणि त्याचा मित्र अल्बर्टो ग्रानादो अर्जेंटिनातून एका जुन्या नॉर्टन मोटारसायकलवर निघाले. गाडी ग्रानादोची होती. तिचं नाव 'ला पोदेरोसा', म्हणजे बलवान. पण ही बलवान चिलीतच कायमची बसली आणि उरलेलं दक्षिण अमेरिका त्यांनी ट्रक, होड्या आणि पायांवर पार केलं. जगाला 'मोटारसायकल डायरीज' माहीत आहे ती गव्हेराची. ग्रानादोनेही आपलं पुस्तक लिहिलं, ते 1978 साली क्यूबात प्रसिद्ध झालं. वॉल्टर सालेस यांनी 2004 साली चित्रपट केला तो या दोन्ही पुस्तकांवरून. त्या चित्रपटात दोन माणसं खरोखर दोन वाटतात, एकमेकांवर वैतागतात, एकमेकांचं खोटं पकडतात. याचं बरंच श्रेय त्या दुसऱ्या वहीला जातं, असं मला वाटतं. एकट्याच्या वहीत सोबती हळूहळू विनोदी पात्र होऊन जातो.

जोडप्याचं उदाहरण हवं, तर 2007ची 'लाँग वे डाउन' ही मालिका बघावी. अभिनेता इवान मॅकग्रेगर आणि त्याचा मित्र चार्ली बूरमन स्कॉटलंडच्या टोकापासून केपटाउनपर्यंत मोटारसायकलने गेले. इवानची बायको ईव्ह यासाठी मोटारसायकल शिकली आणि मालावीत त्यांना येऊन मिळाली. मित्रांच्या सहलीत बायको येणार म्हटल्यावर जी चुळबुळ होते, तशी तिथेही होते. सोबत गाड्या, कॅमेरावाले, सगळा लवाजमा. तरी एका नवशिक्या बाईच्या येण्याने सहलीचा तोल बिघडेल का, ही काळजी. ती येते, पडते, उठते, चालवते. माझ्यासाठी त्या मालिकेतला तो भाग सगळ्यांत जिवंत आहे. बाकीच्या भागांत दोन अनुभवी पुरुष वाळूत गाडी कशी काढावी हे दाखवतात. ईव्हच्या भागात वाळू म्हणजे काय हे कळतं, कारण तिला ती पहिल्यांदाच भेटते आहे.

तिसरं उदाहरण एल्स्पेथ बिअर्ड यांचं. 1982 साली लंडनची ही वास्तुकलेची विद्यार्थिनी बीएमडब्ल्यूवरून जगाची फेरी करायला निघाली आणि 1984 साली परतली. त्या प्रवासाचं पुस्तक यायला 2017 उजाडलं. तोवर तीसेक वर्षं ती गोष्ट कोणी फारशी विचारली नाही. पुस्तकाचं नाव 'लोन रायडर', म्हणजे एकटी स्वार. गंमत अशी, की परतीच्या वाटेचा मोठा भाग त्या एकट्या नव्हत्या. काठमांडूत भेटलेला एक डच मोटारसायकलस्वार, रॉबर्ट, त्यांच्यासोबत होता. दोघांच्या दोन गाड्या, त्यात आजारपण, त्यात त्या काळातला इराण. पुस्तकातली ही सोबत वाचताना कळतं, की सोबत म्हणजे सतत गोड बोलणं नव्हे. कोणाच्या वेगाने जायचं, कुठे थांबायचं, कोण आधी थकलंय हे कबूल कोण करणार, याची रोजची वाटाघाट आहे. तरीही पुस्तकाच्या पाठीवर 'एकटी' हाच शब्द राहिला. बाजाराला एकटा वीर कळतो, एकटी वीरांगना उशिरा का होईना कळते. दोघांची गोष्ट कुठल्या कपाटात ठेवायची हे त्याला अजून कळलेलं नाही.

आपली गाडी मुळातच दोघांची

इथे साताऱ्या-सांगलीच्या माणसाला हसू यायला पाहिजे. कारण 'दोघांनी मोटारसायकलवरून जाणं' हे आपल्याकडे साहस कधीच नव्हतं. कराडहून औदुंबरला, आष्ट्याहून नरसोबाच्या वाडीला, कोरेगावहून पालीच्या खंडोबाला नवी जोडपी लग्नानंतर डबलसीटच जातात. पुढे मूल होतं, ते टाकीवर बसतं. दुसरं होतं, ते मध्ये. पेरणीच्या दिवसांत मध्ये खताचं पोतं असतं. पेठ नाक्यापासून सांगलीपर्यंत तासभर उभं राहून बघितलं, तर मोटारसायकल हे एकट्याच्या स्वातंत्र्याचं वाहन आहे, असं म्हणायची कोणाची छाती होणार नाही.

आपल्या कायद्यानेही हे मान्य केलंय. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 123 क्रमांकाचा नियम सांगतो, की मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडी हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण हवं, म्हणजे कपडे चाकात अडकणार नाहीत. हेच ते साडी गार्ड. नवी गाडी घेतल्यावर आपण पोरं दुसऱ्या दिवशी जे काढून माळ्यावर टाकतो, ते. गाडी 'स्पोर्टी' दिसावी म्हणून काढतो. त्या जाळीच्या रूपाने एक अख्खी मागची सीट गाडीच्या रचनेत आलेली असते: साडीतली, एका बाजूला पाय सोडून बसलेली, एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने पोर धरलेली बाई. ती जाळी काढली, की गाडी जाहिरातीतल्यासारखी दिसते, एकट्या माणसाची.

आपल्या परदेशप्रवासाच्या व्हिडिओंचंही असंच झालंय. मोटारसायकलची कल्पना अमेरिकेतून आणि युरोपातून आली: मोकळा रस्ता, एकटा पुरुष, मागे सुटलेलं घर. ती आपण तशीच उचलली आणि मग त्यात बायकोला मागे बसवलं. खरं तर आपल्याकडे 'डबलसीट' हा शब्द आहे, आणि त्यात पुढचा-मागचा असा भेदच नाही. दोघं मिळून डबलसीट होतात. ज्यांच्या गाडीवर घर बसतं, त्या लोकांनी डबलसीटचं प्रवासवर्णन जगाला द्यायला हवं होतं.

मराठीतली मागची सीट

गाडी मोटारसायकलच हवी असा हट्ट सोडला, तर मराठीने ते दिलेलंही आहे.

न्यायमूर्ती रानडे दख्खन शेतकरी कायद्याखालचे न्यायाधीश म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत दौरे काढत. आपला सातारा जिल्हाही त्या कायद्याखाली होता. या फिरतीच्या संसारात रमाबाई त्यांच्यासोबत होत्या. पुढे 1910 साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' आलं. नावातलं 'आमच्या' बघा. पुस्तक नवऱ्याविषयी आहे, भक्तीने लिहिलेलं आहे, पण रानड्यांच्या अहवालांत जे येऊ शकत नव्हतं ते त्यात आहे: मुक्काम, घर, राग, अबोला, शिकणं. 1934पासून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' येऊ लागली. रेव्हरंड टिळक एका जागी टिकणारे नव्हते. मनात आलं की निघत. लक्ष्मीबाई त्या फिरस्तीच्या मागून गेल्या आणि पुढे जाणाऱ्या माणसाच्या लहरीचा हिशेब त्यांनी इतक्या हसत मांडला, की आज टिळकांच्या कवितेपेक्षा ते गद्य जास्त वाचलं जातं. टिळकांच्या अखेरच्या काळात हे कुटुंब साताऱ्यातच होतं.

आणि मग पु. ल. आणि सुनीताबाई. 'अपूर्वाई' 1960 साली आली. मराठी मध्यमवर्गाने विलायत पहिल्यांदा बघितली ती या पुस्तकातून. पुढे 'पूर्वरंग' आणि 'जावे त्यांच्या देशा'. या पुस्तकांत बायको सोबत आहे, आणि सोबतच्या बायकोचं जे मराठी विनोदात होतं ते तिचंही अधूनमधून होतं. पु. लं. चा विनोद दुष्ट कधीच नाही, तो स्वतःलाच जास्त चिमटे काढतो. तरी हे लक्षात ठेवायला हवं, की या घरातली मोटार सुनीताबाई चालवत. रस्त्यावर स्टिअरिंग त्यांच्या हातात आणि कागदावर गोष्ट पु. लं. च्या हातात. 1990 साली 'आहे मनोहर तरी' आलं आणि महाराष्ट्राला केवढा धक्का बसला! पु. लं. बद्दल असं कसं लिहिलं, म्हणून लोक दुखावले. मला तो धक्का सामान्य ज्ञानाचा वाटतो. एका संसाराच्या दोन वह्या असतात, हे आपल्याला माहीतच नव्हतं, एवढंच.

'आहे मनोहर तरी' वाचून 'अपूर्वाई' खोटी ठरत नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचली, की 'अपूर्वाई' जास्त खोल होते. हसणाऱ्या माणसाच्या शेजारी कोण बसलं होतं, हे कळतं.

मग आपण काय मागायचं?

यातून 'मागे बसायचं नाही, मुलींनी हँडलच धरायचं' एवढाच निष्कर्ष काढला, तर तो अर्धाच राहील. मुलींनी गाडी चालवावीच. आमच्या तालुक्याच्या गावांत कॉलेजला स्कूटरवर जाणाऱ्या मुलींनी ते कधीच सिद्ध केलंय. पण मागची सीट ही कमीपणाची जागा आहे, असं मानलं की तिथून दिसणारं सगळं आपण फुकट घालवतो. सिल्व्हियाला दिसलेले चेहरे हँडल धरून दिसले नसते.

प्रश्न वेगळाच आहे, आणि तो आपल्या भागातल्या मुलींना रोज भेटतो. मैत्रिणींबरोबर गोव्याला जाऊ का, असं घरी विचारलं की उत्तर तयार असतं: "लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर काय फिरायचं ते फिर." तोवर थांबायचं. अशा मुलीच्या फोनवर हे व्हिडिओ येतात. तिच्यासाठी ते नुसती करमणूक नसतात. परवानगी मिळेल असं एकमेव स्वप्न असतं. त्या स्वप्नात मागे बसलेली बाई फक्त हसणार असेल, थकवा, पाळी, भीती, भांडण, 'मला आज पुढे जायचं नाही' हे काहीच बोलणार नसेल, तर ती मुलगी काय शिकेल? फिरायला मिळणं म्हणजे गप्प बसून मिळणं, हेच.

आणि जे दिसत नाही ते कामही दिसायला हवं. परदेशात गाडी नेणं म्हणजे नुसती किक मारणं नव्हे. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढायचा. स्वतःची गाडी दूरच्या देशांत न्यायची, तर 'कार्ने' नावाचा कागद लागतो, तो मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या संस्थेकडून घ्यायचा, त्यासाठी मोठी रक्कम अडकवून ठेवायची. नेपाळच्या नाक्यावर भन्सार भरायचा. व्हिसाचे फॉर्म, बँकेचे कागद, हॉटेलं, औषधं. हे सगळं कोणीतरी रात्री जागून करतं. व्हिडिओत ते तीस सेकंदांत संगीतावर उरकलं जातं. 'अखेर कागद मिळाले!' मिळाले नसतात. कोणीतरी मिळवलेले असतात. कोणी, ते सांगायला पाच सेकंद पुरतात.

म्हणून अशा एखाद्या मालिकेचा पुढचा भाग बघताना काही साध्या गोष्टींकडे लक्ष द्यावं. गाडी बंद पडते तेव्हा आवाज कोणाचा असतो? 'आम्ही ठरवलं' असं ऐकू येतं, तेव्हा ठरवताना दोघं दिसले होते का? एखादा दिवस दुसऱ्या माणसाच्या तोंडून पुन्हा सांगितला जातो का? तसं होत असेल, तर मोबाइलवर काढलेली, हलणारी, वाऱ्याचा आवाज भरलेली दृश्यंसुद्धा महागड्या ड्रोनपेक्षा जास्त बघावीशी वाटतात. कारण मग रस्त्यापेक्षा मोठी गोष्ट चालू असते: दोन माणसं एकाच गोष्टीकडे बघताहेत आणि त्यांना दोन गोष्टी दिसताहेत.

आपल्याकडच्या एखाद्या जोडप्याने उद्या एमएच 11 किंवा एमएच 10ची पाटी घेऊन काठमांडूपर्यंत जावं आणि पुस्तक लिहावं. एक प्रकरण त्याचं, एक तिचं. पोखऱ्याच्या वाटेवर त्याला चिखल आठवावा आणि तिला चिखलात अडकलेल्या बसमधली माणसं. एका प्रकरणात भांडण तिच्यामुळे झालेलं असावं, पुढच्यात त्याच्यामुळे. संपादकाने दोन्ही तशीच ठेवावीत. आणि गाडीला साडी गार्ड असावं.